दसऱ्यापर्यंतचं गवत

माझा भाऊ रविवारी वारला. त्या दिवशी कानबाईचा सण होता. सकाळी तो गवतात गेला. नऊच्या सुमारास शेजारच्या शेतातल्या माणसांनी त्याला उचलून घरी आणलं आणि दुपारी धुळ्याच्या दवाखान्यात त्याचा श्वास थांबला. मला फोन आला तेव्हा मी जळगावला, पिंप्राळ्यातल्या माझ्या घरी, पुस्तक वाचत होते.

पुस्तक पक्ष्यांचं होतं. उघडलेलं पान तणमोराच्या मादीचं होतं. हे आधी सांगितल्याशिवाय पुढचं काही सांगता येणार नाही.

भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी धाकटा. गाव त्याला नाना म्हणायचं, मी भाऊ म्हणायचे आणि तो मला अक्का. दहावीनंतर तो शेतीत राहिला. मी शिकले, लग्न होऊन जळगावला आले आणि तिथल्या एका शाळेत ग्रंथपाल म्हणून निवृत्त झाले. आमच्यात पुष्कळ वर्षं सणावारापुरतंच बोलणं होतं. काही वर्षांपूर्वी माझे यजमान गेले, तेव्हापासून तो मला रोज सकाळी सात वाजता फोन करू लागला. दोघांनाही दुःखाबद्दल बोलता येत नव्हतं. मग त्या दिवशी शेताच्या वाटेवर कोणतं पाखरू दिसलं, ते तो सांगायचा.

त्याला पाखरांची गावातली नावं ठाऊक होती, पुस्तकातली नव्हती. माझ्याकडे शाळेच्या वाचनालयातून बाद झालेली पक्ष्यांची तीन पुस्तकं होती, पण डोळ्यांनी पाहिलेले पक्षी फार थोडे. त्यामुळे आमची वाटणी आपोआप ठरली. तो बघायचा, मी वाचायचे. तो रंग कधी आधी सांगत नसे. पाखरू काय करतंय ते आधी सांगे. एकदा म्हणाला, "नदीना काठवर एक पाखरू शे अक्का, येनारा-जानारा बठ्ठासले राम राम करस." मी अर्धा तास पानं उलटली. सारखी शेपटी हलवत वाकणारा, तुतारी नावाचा पाणपक्षी होता तो. दुसऱ्या दिवशी नाव सांगितलं तर म्हणाला, नाव चांगलं आहे, पण राम राम जास्त बरं.

मी एक दोनशेपानी वही केली. डाव्या पानावर त्याचे शब्द जसेच्या तसे, उजव्या पानावर पुस्तकातलं नाव, नर दिसला की मादी, किती आणि कुठे. ज्याचं नाव सापडलं नाही त्याच्यापुढे जागा कोरी. हळूहळू कोऱ्या जागा कमी होत गेल्या, आणि त्याचा मला अभिमान वाटू लागला. आता वाटतं, तिथेच सुरुवात झाली.

भाऊ गेला त्या वर्षी आपल्या भागात नवलाचे पक्षी दिसू लागले होते. वर्तमानपत्रात दर पंधरवड्याला एक चौकट यायची, दुर्मीळ पाहुणा असं काहीतरी शीर्षक असलेली. भुसावळच्या बाजूला वीजकेंद्राच्या राखेच्या तळ्यावर झोळीवाले, म्हणजे पेलिकन, उतरले. एरवी जे मोठ्या सरोवरांवर राहतात ते पांढरे पक्षी त्या करड्या पाण्यावर तीन दिवस नुसते बसून होते. सातपुड्यात कुणाला रानपिंगळा दिसला. शंभराहून अधिक वर्षं नाहीसा समजला गेलेला तो लहानसा घुबडाच्या जातीचा पक्षी, भर उन्हात वाळल्या फांदीवर बसून कॅमेऱ्याकडे बघत होता. उन्हाळ्याच्या शेवटी जे वादळ झालं, त्यानंतर रावेरकडे केळीच्या बागेत एक समुद्रपक्षी सापडला. घडांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या तपासणाऱ्या मजुराला तो पिलबागेत, जुन्या खुंटांवर पुन्हा आलेल्या बागेत, चिखलात बसलेला दिसला. लांब पंख, बदकासारखी पडद्याची बोटं. समुद्र तिथून शेकडो मैल लांब. मजुरांनी त्याला टोपलीखाली ठेवून केळं कुस्करून दिलं, मग भिजवलेली चपाती. त्याने कशाला चोच लावली नाही. दुसऱ्या दिवशी टोपली उचलली तेव्हा तो मेलेला होता.

ती बातमी मी भाऊला फोनवर वाचून दाखवली. मला वाटलं, तो हरखेल. तो म्हणाला, "जे पाखरू आपली जागा सोडीसन येस ना अक्का, ते काहीतरी देखेल ऱ्हास."

काहीतरी बघितलेलं असतं त्याने, हे वाक्य मी डाव्या पानावर त्याच्याच शब्दांत उतरवलं. उजवं पान कोरं ठेवलं.

आमच्या गावाबाहेर, नाल्यापलीकडे, वडिलांच्या वेळेपासून राखलेली गवताची एक पट्टी आहे. माळाच्या उतारावरची ती जमीन पेरायच्या लायकीची कधीच नव्हती. तिथे पवन्या उगवतो, मारवेल उगवतं, आणि पाऊस बरा झाला तर श्रावणात गवत कमरेपर्यंत येतं. वडिलांचा नियम होता की दसऱ्याआधी त्या गवताला विळा लावायचा नाही. आधी कापलं तर बी झडत नाही, आणि पुढच्या वर्षी मुरूम वर येतो. बैल गेले, घरी ट्रॅक्टर आला, पण भाऊने म्हशीपुरता तो नियम पाळला.

आषाढ संपता संपता एका सकाळी त्याचा फोन आला. आवाज नेहमीचा नव्हता. म्हणाला, गवतात काहीतरी आहे. "बेडकानामायक बोलस. पन बेडूक मानुसभर वर उडत नही." गवतातून ते सरळ वर येतं, क्षणभर हवेत टांगल्यासारखं थांबतं आणि पडल्यासारखं खाली जातं. मग पुन्हा थोड्या वेळाने वर. रंग विचारल्यावर सांगितलं, काळं, पंखात पांढरं, आणि डोक्यामागे मुंडावळ्या बांधल्यासारखे केस.

मला पुस्तक उघडायची गरज पडली नाही. तरी उघडलं. तणमोर. आपल्या देशातल्या सगळ्यात दुर्मीळ होत चाललेल्या पक्ष्यांपैकी एक. पावसाळ्यात गवताळ रानात येतो. नर उड्या मारून मादीला आपली जागा दाखवतो. मादी भुऱ्या रंगाची, गवताच्या बुडाशी बसलेली, दोन पावलांवर असली तरी दिसत नाही. मी त्याला म्हटलं, भाऊ, कुणाला सांगू नकोस.

गावाला सांगायची गरज नव्हती. नाला ओलांडला की गाव. वारा पडलेला असला की तो टर्र आवाज घरांपर्यंत यायचा. दोनचार दिवसांतच शेजारच्या म्हाताऱ्या आजींनी भाऊला ओट्यावर थांबवून सांगितलं की त्या गवतात जात जाऊ नको. त्यांच्या आजीने असलं काहीतरी ऐकलं होतं, ज्या वर्षी गावात पटकी आली त्या वर्षी. "जमिनमाईन वर येस आनि परत जमिनमाच जास. ते पाखरू नही, बलावनं शे." भाऊने हे मला हसत सांगितलं. मीही हसले. मग त्याला विचारलं, आज किती उड्या?

उड्या मोजायला मीच सांगितलं होतं. त्याने त्याची एक रीत काढली. नाल्यातले खडे उजव्या खिशात भरायचे आणि दर उडीला एक खडा डाव्या खिशात टाकायचा. बांधावर बसून तो रोज तासभर हे करायचा आणि सातच्या फोनवर डाव्या खिशातले खडे मोजून आकडा सांगायचा. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले होते तेव्हा मी त्याच्यासाठी जळगावहून रबरी बूट नेले होते, गुडघ्यापर्यंतचे. त्या बुटांवरून गावाने त्याची पुष्कळ टर उडवली. नाना आता मच्छीमार झाला म्हणाले. तरी गवताच्या बाजूला जाताना तो ते न चुकता घालायचा, कारण मी घालायला सांगितले होते.

जळगावच्या पक्षी बघणाऱ्यांच्या एका व्हॉट्सॲप गटात मी होते. तिथे मी कधी लिहीत नसे. पण त्या आठवड्यात लिहिलं. जागा लिहिली नाही. दुर्मीळ पक्ष्याची जागा सांगायची नसते, एवढं मला वाचून माहीत होतं. फक्त धुळे जिल्हा, तणमोर, नर, उड्या मारताना. संध्याकाळी त्यांच्यातल्या एका जाणत्या गृहस्थांचा फोन आला. फार सभ्य बोलले. फोटो आहे का विचारलं. भाऊचा फोन बटणांचा होता. मग म्हणाले, निव्वळ ऐकीव वर्णनावर नोंद धरता येत नाही, राग मानू नका. उडणारा नर एखादा दिवस कुठेही उतरू शकतो. मादी असेल, घरटं असेल, तर मात्र फार मोठी गोष्ट आहे. तुमच्या माणसाला मादी दिसली का?

तुमच्या माणसाला, हे शब्द मला लागले. आणि तो प्रश्नही लागला, कारण वहीत मादीपुढची जागा कोरी होती.

तो शनिवार होता. मी लगेच भाऊला फोन केला. सातची वेळ नव्हती, त्यामुळे तो घाबरला. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. बांधावरून मादी दिसणार नाही, पट्टीच्या आत जावं लागेल, हळू, नर जिथून उडतो तिथून वीस-पंचवीस पावलांच्या आत, गवताच्या बुडाशी बघत. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "उद्या रइवार शे, अक्का."

मी म्हटलं, मग बरंच झालं, शेतावर काम नसेल.

"हा," तो म्हणाला, "ते बी खरं शे. सकायले देखीसन सांगसू."

नागपंचमीनंतरचा पहिला रविवार म्हणजे कानबाई. खानदेशात जन्मलेल्या बाईला हे सांगावं लागत नाही. शुक्रवारपासून घरं सारवली जातात, भाऊबंद गोळा होतात, घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून रोटांसाठी, देवीच्या नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, दळले जातात. आणि आमच्या घरी, आजोबांच्या आधीपासून, कानबाईच्या दिवशी घरातला पुरुष सकाळपासून पायात काही घालत नाही. देवीचा नारळ ज्या पावलांनी घरात येतो ती पावलं त्या दिवशी उघडी असतात. मी लहानपणी वडिलांचे ते पाय पाहिलेले आहेत. चाळीस वर्षं शहरात राहून माझं कॅलेंडर पुस्तकांचं झालं होतं. माझ्या डोक्यात अंडी उबवण्याचे दिवस होते. रविवार शे, एवढंच तो म्हणाला, आणि त्याहून जास्त सांगणं म्हणजे मला नाही म्हणणं, असं त्याला वाटलं असणार.

त्या रविवारी संध्याकाळी मी माहेरी पोचले तेव्हा ओट्यावर ते रबरी बूट जोडीने उभे होते. पुसलेले. सणासाठी ओटा सारवताना कुणीतरी ते उचलून पुसून पुन्हा ठेवले होते.

पायाला घोणस चावली होती, असं सगळे म्हणाले. त्याने स्वतः पाहिली होती आणि घरी आणेपर्यंत शुद्धीत होता. कानबाई बसली नाही. दळलेलं पीठ डब्यात तसंच राहिलं, त्याची सव्वा मूठ त्यातच.

सुतकाच्या दिवसांत बायका सकाळपासून येऊन बसायच्या. थोडं रडणं, मग पिकांचं बोलणं, मग पुन्हा रडणं. तिसऱ्या दिवशी सकाळी वारा पडलेला होता. कुणी बोलत नव्हतं. तेव्हा नाल्यापलीकडून तो आवाज आला. टर्र. सगळ्या बायकांच्या माना एकदम वर झाल्या आणि मग सगळ्यांनी जमिनीकडे पाहिलं. शेजारच्या आजींनी पदर तोंडाला लावला. पुन्हा आवाज आला. मी मनात मोजलं, दोन. मोजल्याची मला लाज वाटली, पण तिसऱ्याची वाट बघत राहिले.

त्या दिवसापासून गाव एकच गोष्ट बोलू लागलं. पाखराने नानाला बोलावलं आणि नाना गेला. आता ते आणखी कुणाला बोलावतं बघायचं. पाण्याला जाणाऱ्या बायका नाल्याची वाट सोडून लांबून जाऊ लागल्या. मी शिकलेली, ग्रंथपाल, तीन पुस्तकांतून त्या पक्ष्याचं वजन, लांबी, अंड्यांचा रंग वाचलेली. तरी पहाटे अंगणात एकटी असताना तो आवाज आला की मी घरात जायचे. माहिती होती म्हणून भीती गेली नाही. फक्त ती कुणाला सांगता येत नव्हती.

भाऊचा मुलगा, माझा भाचा, तिशीतला. ट्रॅक्टर तोच चालवतो. त्या दिवसांत तो माझ्याशी नीट बोललाच नाही. आमच्याकडे आत्याला फुई म्हणतात. सातव्या दिवशी जेवताना तो ताटाकडे बघत म्हणाला, "फुई, तेरावं व्हयनं का ते गवत मी जाळी टाकसू. हिरवं जळनार नही ते नांगरी टाकसू." त्यात बोलायचा मला अधिकार नव्हता. वडील गेल्यावर तलाठ्यासमोर मी हक्कसोडपत्र करून दिलं होतं, जसं आमच्याकडच्या बहुतेक बहिणी देतात. माहेरच्या जमिनीत माझं एक ढेकूळही उरलं नव्हतं. आणि समजा बोलले असते तर काय म्हणून? आत अंडी असतील म्हणून? बापाच्या मरणाच्या सातव्या दिवशी?

दहाव्यानंतर भावजयीने मला एक पुडी दिली. दवाखान्यातून आलेल्या कपड्यांच्या खिशांत सापडलेले खडे होते. कपडे देऊन टाकले होते, खडे तिने ठेवले. डाव्या खिशातले वेगळ्या कागदात बांधले होते. सात होते. म्हणजे तो आधी बांधावर बसला होता, रोजच्यासारखा. सात उड्या त्याने मोजल्या आणि मग आत गेला. मी खडे पुडीत परत बांधत होते तेव्हा ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुम्ही सांगं म्हनीसन गया ते."

आवाजात राग नव्हता. दहा दिवस ती हे जाणून होती आणि दहा दिवस मला तिने गरम पोळी वाढली होती. मी म्हटलं, हो. त्यानंतर बराच वेळ आम्ही तांदूळ निवडत बसलो.

तेराव्याला दुखवटा उतरतो तेव्हा घरच्या लेकीबहिणींना साडी देतात. भाऊबंद ओळीने बसलेले असतात, आणि त्या दिवशी बहिणीने मागितलेलं सहसा नाकारत नाहीत. म्हणूनच कुणी काही मागत नाही. साडी घेतात, डोळे पुसतात, उठतात. भाच्याने माझ्यासमोर पाटावर साडी ठेवली. चांगली होती, निळी, भावजयीने निवडलेली असणार. मी ती उचलली नाही.

इतकी वर्षं मी माहेरी गेले तरी शहरातलं बोलायचे. त्या दिवशी तोंडातून घरचं आलं. "माले साडी नको. यंदानं गवत दे. दसरालगुन."

मग ओळीतले एक आबा, वडिलांचे चुलतभाऊ, तपकीर ओढत म्हणाले, "शिकेल बाई शे. सोनं मांगाना टाइमले गवत मांगस." दोघेतिघे हसले. ते हसू लगेच विरलं, कारण भाचा हसला नव्हता. तो म्हणाला, त्या पाखराने माझ्या बापाला नेलं आणि फुई त्याच्यासाठी गवत मागते.

मला तेव्हा खरं सांगावं लागलं, सगळ्यांसमोर. मी म्हटलं, पाखराने नाही नेलं. मी पाठवलं. कानबाई आहे हे विसरले आणि पाठवलं. आत मादी आहे का, एवढं बघायला तो गेला होता आणि ते सांगायचं राहिलं. जे बघायला गेला ते तरी नांगरू नका. दसऱ्यानंतर काय करायचं ते करा.

भाचा उठून उभा राहिला. मला वाटलं, तो आता निघून जाईल, किंवा सरळ नाल्याकडे. तेव्हा आतून, दाराच्या आडून, भावजयीचा आवाज आला. ती बाहेर आली नाही. "त्यासनी कधी दसराना आगोदर इळा लावा नही," ती म्हणाली. "तू बी लावू नको."

एवढंच. भाच्याने साडी उचलली, माझ्या हातात दिली आणि म्हणाला, साडी बी ने आनि गवत बी ने. मग तो बाहेर गेला.

त्यानंतर दसऱ्यापर्यंत मी दर रविवारी गावी जात राहिले. सकाळची पहिली एसटी, मग रिक्षा. भाऊचे बूट घालायचे. ते मला मोठे होत, आत जुने कपडे कोंबावे लागत. बांधावर बसायचं आणि खडे एका खिशातून दुसऱ्यात टाकायचे. पट्टीच्या आत मी पाऊल टाकलं नाही. पहिल्या रविवारी तो मला दिसला. पुस्तकातल्या चित्रापेक्षा लहान, आणि उडी पुस्तकात लिहिल्यापेक्षा विचित्र. वर येतो, मान मागे टाकतो, पंख फडफडतात, आणि मग जणू कुणी खालून ओढलं तसा जातो. गवत हलत नाही. आजींना काय वाटलं असेल ते मला त्या क्षणी कळलं. इतक्या जुन्या बायका उगाच भीत नाहीत. तो पक्षी रिकाम्या रानाला उड्या मारून दाखवत होता, दिवसाला शेकडो वेळा, आणि उत्तर येत होतं की नाही, कुणालाच माहीत नव्हतं. पलीकडच्या कपाशीत फवारणी चालली होती. वाऱ्यावर औषधाचा वास येत होता. विजेच्या नव्या तारा माळावरून त्या वर्षीच ओढल्या होत्या. त्या ठिकाणी तो का आला असेल, याचा मी विचार करत असे, आणि भाऊचं वाक्य आठवे. काहीतरी देखेल ऱ्हास.

भादव्यात उड्या कमी होत गेल्या. एका रविवारी तीन, पुढच्या रविवारी एक. त्याच्या पुढच्या रविवारी मी दोन तास बसले आणि डाव्या खिशात एकही खडा नव्हता. डोक्यामागचे केस आणि काळा रंग या दिवसांत झडून जातो असं पुस्तकात आहे. मग नर मादीसारखाच दिसतो आणि निघून जातो. कुठे जातो ते पुस्तकात नीटसं दिलेलं नाही.

त्या जाणत्या गृहस्थांनी दोनदा फोन केला. जागा कळली तर स्वतः येऊन फोटो काढू म्हणाले, नोंद भावाच्या नावाने लावू. मी जागा सांगितली नाही. त्यांच्या यादीत आमच्या जिल्ह्यापुढे त्या वर्षी तणमोर नाही.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गवत कापलं. मजूर यायला तयार नव्हते, म्हणून भाचा आणि त्याचा एक मित्र दोघांनीच विळे घेतले. मी आणि भावजय बांधावर बसलो. ते कडेकडेने आत जात होते. भाऊ जिथे पडला होता ती जागा गावातल्या माणसांनी दाखवलेली होती; तिथे पोचल्यावर भाचा थांबला, मग पुढे कापत गेला. तिथून साधारण वीस पावलांवर तो खाली बसला. बराच वेळ उठला नाही. भावजय उभी राहिली, मीही उठले. तो परत आला तेव्हा हातात टोपी उलटी धरलेली होती.

टोपीत कवचाचे तुकडे होते. नखाएवढे, काही त्याहून लहान. शेवाळी, वर तपकिरी डाग. गवताच्या बुडाशी एक उथळ खळगा होता, म्हणाला, त्यात होते. "फुई, देख. तुना पाखरानंच शे का?"

मी तुकडे घरी आणले. तिन्ही पुस्तकं उघडली. तणमोराच्या अंड्याचा रंग जुळतो. टिटवीच्या अंड्याचाही बराच जुळतो. तुकडे इतके लहान होते की अंडं केवढं होतं ते कळत नाही. पिल्लं बाहेर येऊन फुटलं, की मुंगसाने खाल्लं, तेही कळत नाही. मी भिंग लावून बघितलं, खिडकीत धरून बघितलं. वीस पावलांचा आकडा मी त्याला सांगितला होता, हे खरं. बाकी काही खात्रीने सांगता येत नाही.

भाच्याला फोन करून मी तेवढंच सांगितलं. तो म्हणाला, मंग बाप परत येता ते त्याले बी तेच सांगनं पडतं.

त्यानंतरच्या वर्षी पट्टी त्याने नांगरली नाही. मी विचारलं नव्हतं. श्रावणात कानबाईला मी आठवण ठेवून दोन दिवस आधी गेले. गवत कमरेएवढं होतं. सकाळी भावजय, भाचा आणि मी बांधावर जाऊन बसलो, भाचा अनवाणी, बांधाखाली उतरला नाही. वारा पडलेला होता. काही आलं नाही. वर्तमानपत्रातल्या चौकटी मात्र त्या वर्षी आणखी वाढल्या.

आता माझ्याकडे वही आहे. त्यात तणमोराच्या पानावर नरापुढे एक लिहिलेलं आहे, मादीपुढची जागा कोरी आहे. एका पुडीत सात खडे आहेत, एका डबीत कवचाचे तुकडे. सकाळी सात वाजता फोन येत नाही. गवत दसऱ्यापर्यंत उभं असतं.